जीभ दाखवा, हात पुढे करा!

गुडघे धरलेत, अर्धशिशी काही केल्या हटत नाही, पाळीच्या वेळी पोट आवळून पडून राहावं लागतं. अशा वेळी शेजारपाजारची कुणीतरी हमखास म्हणते, “अगं, त्या चिनी सुया टोचणाऱ्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन ये की!” अ‍ॅक्युपंक्चरच्या पाट्या आता लहान शहरांतूनही दिसू लागल्या आहेत. पण सुई ही या वैद्यकातली अगदी शेवटची पायरी. त्याआधी चिनी वैद्य काय पाहतो, काय विचारतो आणि कशावरून काय ठरवतो, ते शेजारीण सांगत नाही. तेच आज आपण पाहू या.

चीनमधल्या पारंपरिक वैद्याच्या टेबलावर एक छोटीशी उशी असते. तिच्यावर मनगट टेकायचं. मात्र नाडीचा क्रम चौथा. पहिली परीक्षा बघण्याची. तुम्ही आत कशा येता, चेहऱ्याचा रंग कसा आहे, डोळ्यांत तेज आहे का, हे वैद्य न्याहाळतो. दुसरी ऐकण्याची आणि वास घेण्याची. चिनी भाषेत या दोन्हींना मिळून एकच शब्द आहे. तिसरी विचारण्याची.

जिभेला तिथे फार मान! फिकी जीभ म्हणजे रक्त किंवा शक्ती कमी, लालभडक म्हणजे उष्णता, जांभळट म्हणजे रक्त साकळलेलं. कडांवर दातांचे ठसे दिसले तर पचनशक्ती मंद. जिभेवर पांढरा थर असेल तर थंडी, पिवळा असेल तर उष्णता. म्हणून अशा वैद्याकडे जाताना बीटाची कोशिंबीर खाऊन किंवा पान रंगवून जाऊ नका, आणि त्या सकाळी जीभही खरवडू नका. नाहीतर निदान तुमचं व्हायच्या ऐवजी बीटाचंच व्हायचं!

प्रश्न तर किती! थंडी वाजते की अंग तापतं? घाम कधी येतो? तहान लागली की गार पाणी हवंसं वाटतं की कोमट? झोप, शौच, लघवी, पाळी, बाळंतपणं, सगळं विचारतात. मला तर वाटतं, सूनबाईला घरात कुणी एवढं विचारत नाही, म्हणून तिला निम्मं बरं त्या खुर्चीतच वाटत असेल.

मग नाडी. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं, आधी हलकी, मग दाबून. आपल्या वैद्यांचीही बोटं तीनच असतात. पण ते वात-पित्त-कफ पाहतात, तर चिनी वैद्य प्रत्येक जागी एकेक अवयव वाचतो. डावीकडे हृदय, यकृत, मूत्रपिंड; उजवीकडे फुप्फुस, प्लीहा आणि पुन्हा मूत्रपिंड. नाडीचे प्रकार अठ्ठावीस मोजलेले आहेत. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. त्यांचं ‘मूत्रपिंड’ म्हणजे आपल्या डॉक्टरांचं मूत्रपिंड नव्हे. वाढ, मूल होणं, म्हातारपण हे सारं ते त्या नावाखाली घालतात. ‘मूत्रपिंड दुबळं आहे’ असं ऐकून घाबरू नका, आणि ‘मूत्रपिंड ठीक आहे’ म्हटलं म्हणून रक्ताची तपासणीही चुकवू नका.

आता या वैद्यकाचं खरं मर्म. चिनी वैद्य रोगाच्या नावाला औषध देत नाही, लक्षणांची जुळणी पाहून देतो. पाळीच्या पोटदुखीचंच घ्या. एकीला पाळीआधीच कळा येतात, पोटाला हात लावू देत नाही, काळपट गाठी पडतात, गरम पाण्याची पिशवी घेतली की बरं वाटतं. तिच्याबाबत वैद्य म्हणेल, थंडीनं रक्त गोठलं आहे, ते ऊब देऊन हलवायला हवं. तिला आलं, दालचिनी असली उष्ण औषधं, आणि पोटावर दवण्याच्याच कुळातल्या एका वनस्पतीची वात जळती धरून शेक. दुसरीला पाळी संपता संपता मंद दुखतं, पोट दाबलं की बरं वाटतं, जीभ फिकी, चक्कर येते. तिच्यात रक्तच कमी. तिला भरून काढणारा चार मुळांचा काढा. दुखणं एक, औषधं दोन! उलट, रोग वेगळे असूनही जुळणी सारखी निघाली, तर औषध एकच.

थंडीला ऊब, उष्णतेला गारवा, उणं असेल ते भरायचं, फाजील असेल ते काढून टाकायचं, ही चिकित्सेची सूत्रं. दुखणं निकराचं असेल तर आधी फांदी सांभाळायची, म्हणजे वरचा त्रास शमवायचा. एरवी मुळाला हात घालायचा. आणि बाई बदलली की काढा बदलायचा. त्याच बाईला चार दिवसांनी उतार पडला, तरी बदलायचा.

ही विद्या पुरुषांचीच होती असं समजू नका हं. तान युनश्येन ही १४६१ साली जन्मलेली बाई आजीकडून वैद्यक शिकली, आणि १५११ मध्ये तिनं आपल्या एकतीस रुग्णांच्या हकीकती लिहिल्या. सगळ्या रुग्ण बायकाच!

मग यात खरं किती? एकाच बाईची नाडी दोन वैद्यांनी पाहिली तर निदान जुळेलच असं नाही, हे तपासण्यांत दिसलं आहे. सुयांनी जुनाट दुखण्यात काहींना आराम पडतो. पण ठरलेल्या जागी टोचलं काय आणि भलत्या जागी टोचलं काय, फरक थोडाच, असंही आढळलं आहे. सुयांनी सहसा मोठं नुकसान होत नाही. खरी भीती आहे ती पुडीची.

बेल्जियममधल्या ब्रुसेल्स शहरात १९९० ते ९२ च्या सुमारास वजन उतरवण्याच्या एका दवाखान्यात बायकांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्यात ‘हान फांग-जी’ नावाचं मूळ असायला हवं होतं. नावातल्या साम्यामुळे त्याजागी ‘ग्वांग फांग-जी’ आलं. त्या मुळातल्या विषानं शंभराहून अधिक बायकांची मूत्रपिंडं बिघडली. कित्येकींना यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागलं, मूत्रपिंड बदलावं लागलं, आणि काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. १९९३ मध्ये हे डॉक्टरांनी जगापुढे मांडलं. चीननेही २००३-०४ मध्ये हे मूळ आणि त्याच्या कुळातली आणखी काही औषधं अधिकृत यादीतून काढली. आपल्याकडची ईश्वरी ही वेलही त्याच कुळातली, म्हणून ‘झाडपाल्याचं आहे, अपाय कसला’ असं म्हणून तिचाही काढा घेऊ नका.

आणि पाहा, त्या गोळ्या देताना कुणाची जीभ, कुणाची नाडी जुळवून काढा ठरवला होता? वजन हे एकच नाव धरून सगळ्यांना एकसारखं औषध! चिनी वैद्यकाचंही पहिलं सूत्र तिथेच मोडलं होतं. दुकानात किंवा मोबाईलवर मिळणारी ‘बायकांच्या सर्व तक्रारींवर’ची तयार चिनी पुडी घेण्याआधी हे आठवा.

जायचंच असेल तर खुशाल जा. मात्र रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या मनानं बंद करू नका. रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन चालू असेल तर त्या चार मुळांच्या काढ्यातलं ‘तांग-क्वेइ’ रक्तस्राव वाढवू शकतं. दोन्हीकडच्या डॉक्टरांना सगळी औषधं दाखवा. दिवस गेले असतील किंवा नुसती शंका असेल, तरी आधी सांगा. फिक्या जिभेवर काढा सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं किंवा स्तनात गाठ लागली, तर नाडी दाखवण्यात एकही आठवडा घालवू नका, थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा झालेला आहे, तेव्हा डॉक्टरांना नोंदणी आहे का ते न लाजता विचारा. आणि सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा; एकदा वापरलेली सुई पुन्हा चालत नाही.