काळोख घेऊन फिरणारं प्रदर्शन

मॅक्रोपिन्ना मायक्रोस्टोमा हा मासा शास्त्राला 1939 पासून माहीत आहे. लांबीला वीतभरही नाही. उत्तर पॅसिफिकमध्ये सहाशे ते आठशे मीटर खोलीवर तो राहतो. जाळ्यात सापडलेल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन झालं, चित्रं काढली गेली. डोळे नळीसारखे आणि वर रोखलेले, तेव्हा याला फक्त डोक्यावरचं दिसत असणार, असा समज रूढ झाला. सुमारे सत्तर वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या मंटेरे बे ॲक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूटच्या ब्रूस रॉबिसन आणि किम राइझनबिकलर यांनी दूरनियंत्रित यानाच्या कॅमेऱ्यातून जिवंत मासा कसा असतो ते जगापुढे मांडलं. त्याच्या डोक्यावर द्रवाने भरलेला पारदर्शक घुमट होता. हिरवे डोळे त्या घुमटाच्या आत होते आणि वरून पुढे वळत होते. तोंडाच्या वरचे जे दोन ठिपके डोळ्यांसारखे वाटतात, त्या नाकपुड्या निघाल्या. जाळ्यातून वर येताना तो नाजूक घुमट फाटून जाई, म्हणून जुन्या वर्णनांत तो आलाच नव्हता.

खोल समुद्रातलं जीवन लोकांना दाखवायला निघालेल्या प्रत्येकाची गाठ या अडचणीशी पडते. जीव वर आणला की तो तो राहत नाही. दर दहा मीटरला एक वातावरण या हिशेबाने चार हजार मीटरवर दाब चारशे वातावरणांच्या घरात जातो, पाणी दोन-तीन अंशांवर असतं आणि हजार मीटरच्या खाली सूर्याचा प्रकाश पोचतच नाही. ब्लॉबफिशचं तेच झालं. 2003 मध्ये नॉरफोक बेटाच्या परिसरात हजार मीटरहून खालून वर आणलेल्या एका माशाचा फोटो जगभर पसरला: ओघळलेलं नाक, लोंबणारे ओठ. दहा वर्षांनी त्याच्या जातीला जगातला सर्वांत कुरूप प्राणी ठरवण्यात आलं. आपल्या खोलीवर, आपल्या दाबात हा मासा इतर माशांसारखाच मासा दिसतो. वर येताना झालेली हानी आपण त्याचं रूप समजून बसलो, याचं मला वाईट वाटतं.

या अडचणीवर आजवर शोधलेल्या उत्तरांत मला फ्रेंच पत्रकार क्लेअर नुवियाँ यांच्या फिरत्या प्रदर्शनाचं मोल सर्वांत जास्त वाटतं. नुवियाँ निसर्गविषयक माहितीपट करत. 2001 मध्ये मंटेरे बेच्या मत्स्यालयात त्यांनी खोल समुद्रातल्या प्राण्यांचं चित्रीकरण पाहिलं आणि त्यानंतरची त्यांची वर्षं त्याच प्राण्यांभोवती गेली. ही छायाचित्रं जगभरच्या संशोधन संस्थांत विखुरलेली होती. शास्त्रज्ञ ती आपापल्या शोधनिबंधांपुरती वापरत. सामान्य वाचकापर्यंत ती क्वचितच पोचत. नुवियाँ यांनी ती गोळा केली, एकेका खोलीच्या जाणकार शास्त्रज्ञांकडून लेख लिहून घेतले आणि 2006 मध्ये फ्रेंचमध्ये पुस्तक काढलं. पुढच्या वर्षी ते ‘द डीप’ या नावाने इंग्रजीत आलं. 2007 च्या अखेरीस पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात त्याचं प्रदर्शन झालं. 2015 मध्ये ते सिंगापूरच्या आर्टसायन्स म्युझियममध्ये होतं.

प्रदर्शनाची दालनं अंधारी ठेवलेली होती. काळ्या पार्श्वभूमीवर उजळलेली छायाचित्रं, मधून मधून द्रवात जतन केलेले खरे प्राणी आणि चित्रफिती. इतर संग्रहालयांत अंधार असतो तो वस्तू जपण्यासाठी. इथे अंधार हाच पहिला धडा आहे. पृथ्वीवर जीवांना राहायला जेवढी जागा आहे, तिचा फार मोठा भाग असाच काळोखात आहे. तिथला बहुतेक उजेड प्राण्यांनी स्वतः तयार केलेला असतो. मंटेरे उपसागरातल्या सतरा वर्षांच्या चित्रीकरणातून साडेतीन लाख निरीक्षणं तपासून 2017 मध्ये निष्कर्ष निघाला की पाण्यात तरंगणाऱ्या-पोहणाऱ्या प्राण्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश प्राणी प्रकाश निर्माण करू शकतात. आपल्याला काजवा अपवाद वाटतो; तिथे न चमकणारा प्राणी अल्पसंख्य ठरतो.

हे शब्दांत सांगून पटत नाही, दाखवलं की पटतं. खोल समुद्रातल्या कितीतरी कोळंब्या आणि जेलीफिश लालभडक असतात. शिकाऱ्यांनी भरलेल्या पाण्यात हा भडक रंग कशासाठी? छोट्या पेटीत लाल वस्तू ठेवा आणि फक्त निळा दिवा लावा. वस्तू काळी पडते, दिसेनाशी होते. समुद्रात लाल प्रकाश वरच्या थरांतच विरून जातो, खाली उरतो तो निळा. लाल रंग तिथे लपण्यासाठी आहे. दाबाचंही तसंच. संशोधन जहाजांवर एक जुनी प्रथा आहे: उपकरणांबरोबर जाळीच्या पिशवीत थर्माकोलचे पेले खाली सोडायचे. हजारो मीटर खाली जाऊन ते वर येतात तेव्हा आकार तोच, पण बोटाच्या टोपणाएवढे झालेले असतात. असा पेला आणि त्याच्याशेजारी मूळ मापाचा पेला हातात दिला, तर दहा वर्षांच्या मुलाला दाब कळतो. आकडा मागाहून सांगितला तरी चालतो.

या प्रदर्शनाबद्दल एका गोष्टीत माझं मत वेगळं आहे. भिंतभर मोठी केलेली छायाचित्रं देखणी असतात, पण ती मापाची फसगत करतात. सुयांसारख्या दातांचा, कपाळावर दिवा असलेला काळा अँगलरफिश भिंतीवर माणसाएवढा झाला की तो राक्षस वाटतो. खरी मादी हाताच्या पंजात मावेल एवढी असते. मोठ्या छायाचित्राखाली त्याच प्राण्याची खऱ्या मापाची आकृती छापायलाच हवी. अँगलरफिशच्या काही जातींची कथा तर अशी, की तिच्या अद्भुतात भर घालायची गरजच नाही. 1922 मध्ये आइसलँडच्या ब्यार्नी सेमुंडसन यांना एका मादीच्या पोटाला चिकटलेले दोन चिमुकले मासे दिसले. ती पिल्लं असावीत असं त्यांना वाटलं. 1925 मध्ये लंडनच्या चार्ल्स टेट रीगन यांनी दाखवून दिलं की असे चिकटलेले मासे पिल्लं नसून नर असतात, मादीच्या शरीराला कायमचे जोडले गेलेले. अशी जोडी जिवंत कशी असते, हे जगाने पाहिलं ते 2018 मध्ये, अझोर्स बेटांजवळच्या चित्रफितीत.

दाखवण्याची ही धडपड जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का या ड्रेस्डेनजवळच्या बापलेकांनी जेलीफिश, समुद्रफुलं, गोगलगायी यांच्या काचेच्या प्रतिकृती घडवून जगभरच्या संग्रहालयांना विकल्या, कारण अल्कोहोलमध्ये या मऊ प्राण्यांचा रंगही जातो आणि आकारही. 1934 मध्ये विल्यम बीब आणि ओटिस बार्टन पोलादी गोळ्यात बसून बर्म्युडाजवळ 923 मीटर खाली गेले. बीब खिडकीतून जे पाहत ते टेलिफोनवरून सांगत, वर जहाजावर ग्लोरिया हॉलिस्टर ते टिपून घेत आणि त्यावरून एल्से बॉस्टलमान चित्रं काढत. ‘नॅशनल जिओग्राफिक’मधल्या त्या चित्रांनी लाखो घरांत पहिल्यांदा खोल समुद्र नेला. बीबनी नावं दिलेले काही मासे पुढे कुणालाच सापडले नाहीत, म्हणून चित्र कितीही सुरेख असलं तरी कॅमेरा लागतो आणि नमुनाही लागतो.

नमुना फिरवणं मात्र जिकिरीचं काम. अल्कोहोल ज्वालाग्राही, काच फुटणारी, प्राणी सहज न मिळणारे. पॅरिसच्या संग्रहालयाने 2008 मध्ये एक वाट दाखवली. न्यूझीलंडच्या समुद्रात सापडलेल्या एका महाकाय माखलीच्या शरीरातलं पाणी काढून त्या जागी कृत्रिम राळ भरली. ‘व्हेके’ नावाची ती माखली तिथे द्रवाशिवाय, काचेच्या टाकीशिवाय टांगलेली आहे. जिवंत प्राणी ठेवायचा मार्गही आता थोडा खुला झाला आहे. मंटेरे बे मत्स्यालयाने 2022 पासून खोल समुद्रातले काही जीव थंड, कमी ऑक्सिजनच्या पाण्यात ठेवून दाखवायला सुरुवात केली. पण तो थाट ट्रकवर चढत नाही. गावोगाव जायचं तर छायाचित्र, चित्रफीत, प्रतिकृती आणि मोजके नमुने यांवरच भिस्त ठेवावी लागते.

नुवियाँ प्रदर्शनावर थांबल्या नाहीत. ज्या प्राण्यांच्या तसबिरी त्या टांगत होत्या त्यांच्या घरावरूनच युरोपची ट्रॉलर जहाजं जड जाळी फरफटत नेत होती. या खोलीवरचे मासे सावकाश वाढतात. ऑरेंज रफी हा मासा शंभर वर्षांहून अधिक जगतो आणि प्रजननक्षम व्हायलाच त्याला दोन-तीन दशकं लागतात. हवाईजवळच्या काळ्या प्रवाळाची एक वसाहत चार हजारांहून अधिक वर्षांची असल्याचं 2009 मध्ये सिद्ध झालं. असं रान एका फेरीत भुईसपाट होतं. नुवियाँ यांच्या ‘ब्लूम’ या संस्थेने याविरुद्ध मोहीम चालवली. 2013 मध्ये पेनेलोप बाज्यू या चित्रकर्तीने त्यावर चित्रकथा काढली आणि सह्यांची रीघ लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युरोपीय संसदेत बंदीचा प्रस्ताव 342 विरुद्ध 326 मतांनी पडला. तरी मोहीम थांबली नाही, आणि 2016 मध्ये युरोपीय संघाने 800 मीटरच्या खाली तळ खरवडणाऱ्या जाळ्यांवर बंदी घातली. 2018 मध्ये नुवियाँ यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. कायदा एकट्या प्रदर्शनाने झाला असं मी म्हणणार नाही. पण ज्या तळाबद्दल लोकांनी सह्या केल्या, त्या तळावर कोण राहतं हे त्यांच्यापैकी अनेकांना चित्रांतूनच कळलेलं होतं.

हा सगळा विषय आपल्यापासून दूरचा नाही. 26 जानेवारी 1981 रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने समुद्रतळावरचे बहुधातूंचे गोळे भारतासाठी पहिल्यांदा वर आणले. पुढे आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार होऊन मध्य हिंद महासागरातलं 75,000 चौरस किलोमीटर क्षेत्र शोधासाठी भारताकडे आलं. बटाट्याएवढ्या या गोळ्यांत मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असतं आणि ते दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर एवढ्या गतीने वाढतात. 2021 मध्ये केंद्र सरकारने 4,077 कोटी रुपयांच्या खोल समुद्र मोहिमेला मंजुरी दिली. तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेणारी ‘मत्स्य 6000’ ही पाणबुडी त्याच मोहिमेत घडते आहे. ऑगस्ट 2025 मध्ये दोन भारतीय ‘नोटील’ या फ्रेंच पाणबुडीतून अटलांटिकमध्ये उतरले, एक 4,025 मीटरपर्यंत आणि दुसरे 5,002 मीटरपर्यंत.

गोळ्यांवर कोण राहतं, हा प्रश्न शास्त्रज्ञांना नवा नाही. 1997 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी मध्य हिंद महासागरात मुद्दाम तळाचा एक पट्टा ढवळून तिथल्या जीवांवर काय परिणाम होतो याचा अभ्यास केला. चिखलाच्या त्या अफाट सपाटीवर गोळा हीच एक टणक जागा. पॅसिफिकमधल्या अशाच तळावर स्पंज आणि प्रवाळ गोळ्यांना धरून वाढतात. तिथे 1979 मध्ये खाणकामाची चाचणी घेणाऱ्या यंत्राने उमटवलेले चर चव्वेचाळीस वर्षांनंतरही स्पष्ट दिसले, काही जीव परतले होते, बरेच नव्हते. खाणकाम करावं की नाही, किती करावं, यावर उद्या आपल्याला मत द्यावं लागणार आहे. त्या आधी तो तळ आपण पाहिलेला असायला हवा, असं मला कळकळीने वाटतं.

मराठी किनाऱ्यावर हे दाखवताना सुरुवात अँगलरफिशपासून करू नये. मुंबईसमोर भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, फार रुंद आहे, जवळजवळ तीनशे किलोमीटर. खरा खोल समुद्र त्या पलीकडे सुरू होतो. पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर जाणाऱ्या कोळ्यालाही तो फारसा भेटलेला नसतो. पण त्याच्या टोपलीत त्याचा एक नातलग रोज असतो: बोंबील. पाणीदार मऊ अंग, मोठं तोंड, बारीक दात. बोंबील ज्या गणातला, त्याच गणात ट्रायपॉड मासा येतो. हजारो मीटर खाली चिखलावर तीन लांब परांच्या काड्या टेकून तो प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि येईल ते भक्ष्य टिपतो. पहिल्या फलकावर ताजा बोंबील आणि हा मासा शेजारी शेजारी असावेत. दुसऱ्यावर अरबी समुद्राच्या मधल्या थरातले दिवे-मासे, दिवसा ऑक्सिजन अत्यल्प असलेल्या पाण्यात दडणारे आणि रात्री वर चरायला येणारे.

गाडीचा प्रश्नही नव्याने सोडवायला नको. फिरतं विज्ञान प्रदर्शन आपल्या देशात 1965 पासून आहे. कोलकात्याच्या बिर्ला संग्रहालयाने ते सुरू केलं. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राकडेही अशा गाड्या चालवण्याचा अनुभव आहे. अशी गाडी शाळेच्या पटांगणात उभी राहते, मुलं रांगेने फलकांवरची बटणं दाबून पाहतात. खिडक्यांना काळे पडदे, एक निळा दिवा, थर्माकोलचे दोन पेले, ट्रायपॉड माशाची खऱ्या मापाची प्रतिकृती आणि गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेकडून मागून घेतलेला एक गोळा. तो गोळा मुलांच्या हातात द्यावा, आणि समोरच्या पडद्यावर समुद्रतळावरच्या तसल्याच गोळ्याला धरून उभ्या असलेल्या स्पंजाची चित्रफीत लावावी. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत बंदरालगतच्या शाळा आधी घ्याव्यात, आणि संध्याकाळी गाडी तास-दोन तास जेटीवर थांबवावी, म्हणजे होडीवरून उतरणाऱ्यांनाही आत येता येईल.