औषध आहे, वाटखर्च नाही



प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. धडगावच्या पाड्यांपासून सगळीच लांब. १९९६ साली सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाने उपचार जिल्ह्यापर्यंत आणले. १४४१६ या ‘टेली मानस’ क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो. पण पुष्कळ पाड्यांवर रेंज नसते, आणि गोळ्या मध्येच सुटल्या की आजार उलटतो.

म्हणून नियोजनात मी आधी तीन खर्च धरते: रुग्ण व सोबत्याचे गाडीभाडे, त्यांची बुडालेली मजुरी, आणि दरमहा घरी जाऊन विचारपूस करणाऱ्या, तिथलीच बोली बोलणाऱ्या कार्यकर्तीचे मानधन. भगताकडे जाणाऱ्यांना आम्ही अडवत नाही. गोळ्या सोडू नका, एवढेच सांगतो.

प्रार्थनेत आठवण ठेवा, आणि आपल्या मंडळीने एका रुग्णाचा वाटखर्च उचलावा, ही विनंती.