नाव कोरलेला डबा

आमच्या दिवाणखान्यात नवं असं फारसं काही नाही. पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मी कित्येक वर्षं बुधवारी आणि रविवारी हिंडलो. घर सजलं ते तिथल्याच वस्तूंनी.

जुनी वस्तू घेताना खिशात लहानसं लोहचुंबक असू द्यावं. पितळेला ते चिकटत नाही. चिकटलं, तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा. काळवंडलेलं तांबं-पितळ चिंच-मिठानं उजळतं, कारण चिंचेतलं आम्ल वरचा थर विरघळवतं. म्हणूनच कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नये. ते शोभेलाच बरं.

आणखी एक, भांड्यावरचं नाव वाचावं. लग्नात द्यायच्या भांड्यांवर नावं कोरून घेण्याची आपल्याकडे रीत. एकदा मी पितळी डबा आणला. कुणा मामानं भाचीला दिल्याचं त्यावर कोरलेलं होतं. परक्यांची नावं आपल्या घरात कशाला, म्हणून मी ती घासायला बसलो. पत्नी म्हणाली, "राहू द्या. अम्मींचं पानदान आपण अडचणीत विकलं, त्यावरही त्यांचं नाव होतं ना?"

माझा हात थांबला. ते पानदान मला त्या बाजारात कधीच सापडलं नाही. डबा मात्र कपाटावर आहे, नावाची बाजू पुढे करून. पानदान ज्यांच्या घरी गेलं असेल, त्यांनीही ते असंच ठेवलं असावं, एवढीच इच्छा.