‘लक्षच देऊ नका’ या सल्ल्यात काय राहून जातं

भाऊबीज सरली की भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरू लागते. खेळण्यांच्या दुकानापुढे चार-पाच वर्षांचं पोरगं धुळीत लोळतंय, हे तिथलं ठरलेलं दृश्य. भोवतीच्या लोकांचे सल्लेही ठरलेले. “दोन ठेवून दे, चूप होते.” “पाहूच नोको त्याच्याकडं.” “घेऊन दे ना बाप्पा, वर्षातून एकडाव तं येते मंडई.” पहिला सल्ला माराचा, तिसरा शरणागतीचा. मधला मात्र शहाणपणाचा वाटतो, आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे तो हल्ली घराघरांत पोचलाय. वर्तन मानसशास्त्रातल्या ज्या उपचाराचा तो अर्धामुर्धा तुकडा आहे, त्याला विलोपन म्हणतात. एखाद्या वागण्यातून आजवर जे पदरात पडत होतं ते पडेनासं झालं की ते वागणं हळूहळू विरतं. याची जोडीदार पद्धत म्हणजे विभेदक प्रबलन, म्हणजे तेच फळ दुसऱ्या, चालण्यासारख्या वागण्याला देणं. या दोन्हींबद्दल इतके गैरसमज आहेत की नीट न समजता केलेला उपाय पुष्कळदा मूळ त्रासच वाढवतो.

गैरसमज: विलोपन म्हणजे दुर्लक्ष करणं

थांबवायचं असतं ते वागण्याचं फळ. ते फळ दरवेळी आपलं लक्षच असतं असं नाही. मंडईतल्या पोराला हवी आहे प्लॅस्टिकची जेसीबी. आईने तोंड फिरवलं, पण शेवटी आजोबांनी जेसीबी हातात ठेवली, तर ते तोंड फिरवणं वाया गेलं. इथे विलोपन एवढंच, की लोळून खेळणं मिळणार नाही. तोवर त्याच्याजवळ उभं राहावं, पाणी द्यावं, पाठीवर हात ठेवावा. त्याने काही बिघडत नाही. रडणाऱ्या लेकराकडे दगडासारखं पाहत राहणं हा या उपचाराचा भाग नाही, तो कुणीतरी त्यात घुसडलेला कोरडेपणा आहे.

शाळेत तर गोष्ट आणखी उलटी होते. गणिताचा तास सुरू झाला की तिसरीतला एखादा मुलगा वही फाडतो, शेजारच्याला चिमटे काढतो. बाई वैतागून त्याला वर्गाबाहेर उभं करतात. बाईंच्या लेखी ही शिक्षा. मुलाच्या लेखी गणितातून सुटका. उद्या बाईंनी शिक्षा सोडून दुर्लक्ष सुरू केलं तरी निकाल तोच, कारण ज्याच्याकडे कुणी पाहत नाही त्याला गणितही करावं लागत नाही. या मुलासाठी विलोपन म्हणजे गणित टळू न देणं, आणि त्याच्याही आधी ते त्याला झेपेल एवढं सोपं करून देणं. दहा गणितं फळ्यावर असतील तर त्याला दोनच द्यावीत.

अमेरिकेत बाल्टिमोरला केनेडी संस्थेत ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणत्या वागण्यामागे कोणतं फळ आहे हे पद्धतशीर तपासणारा अभ्यास १९८२ मध्ये मांडला. स्वतःलाच मारून घेणाऱ्या नऊ जणांना त्यांनी आळीपाळीने वेगवेगळ्या परिस्थितींत ठेवून पाहिलं. कधी मारून घेताच कुणी जवळ येऊन समजूत घाले, कधी हातातलं काम थांबवलं जाई, कधी ती व्यक्ती एकटीच असे. कोणत्या परिस्थितीत मारून घेणं वाढतं यावरून कारण कळे. पुढे १९९४ मध्ये त्यांनी अशा १५२ जणांचे निष्कर्ष मांडले. सुमारे ३८ टक्के जणांच्या बाबतीत कारण होतं नको त्या कामातून सुटका, सुमारे २६ टक्क्यांत लक्ष किंवा वस्तू मिळणं, आणि जवळपास तितक्याच जणांना बाहेरून काहीच मिळत नव्हतं; त्या कृतीचा अनुभव हेच फळ होतं. या सगळ्यांना ‘लक्ष देऊ नका’ हा एकच सल्ला दिला असता तर बहुतेकांना त्याचा उपयोग नव्हता, आणि सुटका शोधणाऱ्यांच्या तर तो पथ्यावरच पडला असता.

गैरसमज: वागणं बिघडलं, म्हणजे उपाय फसला

रोज दार वाजवलं की उघडणारं घर एके दिवशी उघडलं नाही तर माणूस आधी जोरात वाजवतो, मगच निघून जातो. फळ थांबलं की काही मुलांचं रडणं सुरुवातीला असंच वाढतं, मारणं-चावणंही सुरू होतं. नेमक्या याच टप्प्यावर घरचे हार मानतात. मग पोरगं शिकतं ते एवढंच, की पूर्वीच्या आवाजात भागत नाही, आता याच आवाजात ओरडायचं.

याची उलट बाजूही सांगायला हवी, कारण ‘आधी वाईट होणारच’ हाही एक पसरलेला समज आहे. डोरोथिया लर्मन आणि इवाटा यांनी १९९५ मध्ये विलोपनाच्या ११३ नोंदी तपासल्या, तेव्हा अशी उसळी २४ टक्क्यांतच दिसली. नुसतं विलोपन वापरलं तिथे ३६ टक्के. जोडीला दुसरा उपाय होता तिथे १२ टक्के. दुसरी पद्धत सोबत का हवी याचं उत्तर या आकड्यांत आहे. नुसती दारं बंद करणारा उपचार मुलालाही जड जातो आणि घरालाही.

गैरसमज: एखाद्या वेळी ऐकलं तर काय बिघडतं?

पुष्कळ बिघडतं. दरवेळी मिळणारी गोष्ट बंद झाली तर ते लवकर लक्षात येतं. अधूनमधून मिळणारी गोष्ट बंद झालीय हे कळायलाच फार वेळ लागतो, म्हणून तिच्यासाठीची धडपडही लांबते. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ च्या ग्रंथात कबुतरांवरच्या प्रयोगांतून हे सविस्तर मांडलं. डोंगरावरच्या देवस्थानांतली माकडं ते रोज दाखवतात. शंभरातले पाच भाविक प्रसाद टाकतात, तेवढ्यावर ती उरलेल्या पंचाण्णवांच्या पिशव्या ओढतात.

या विषयातली एक जुनी नोंद सी. डी. विल्यम्स यांची, १९५९ मधली. एकवीस महिन्यांचं मूल. आधी बराच काळ आजारी असल्याने सतत कुणीतरी जवळ असे, आणि बरं झाल्यावरही झोपवताना मोठं माणूस खोलीबाहेर पडलं की ते आकांत करी. आईवडिलांनी ठरवलं, प्रेमाने निजवायचं, बाहेर यायचं, परत जायचं नाही. पहिल्या दिवशी ते पंचेचाळीस मिनिटं रडलं. पुढे काही दिवसांत रडणं संपलं. मग आठवडाभराने त्याला आत्याने की मावशीने निजवलं. ते कुरकुरलं, ती परत आत गेली. सगळं नव्याने करावं लागलं. दुसऱ्यांदाही रडणं थांबलं, आणि पुढे दोन वर्षांत त्याचे काही वाईट परिणाम दिसले नाहीत, असं विल्यम्स लिहितात.

आपल्याकडे ही मावशी घरोघरी असते. रोवणीच्या दिवसांत आई सकाळीच भाताच्या बांधीत उतरते, पोरगं दिवसभर आजीजवळ. आजीला दोष देणं सोपं आहे, पण स्वयंपाक, गुरं आणि नातू एकटीने सांभाळणाऱ्या बाईने रडणं थांबावं म्हणून बिस्किटाचा पुडा दिला तर ती वेगळं काय करणार? तिला ‘देऊ नका’ म्हणून बजावण्यापेक्षा ‘कधी द्यायचं’ ते ठरवून देणं शहाणपणाचं. बिस्किट मिळेल, पण त्याने जवळ येऊन “आजी, भूक लागली” म्हटलं की.

गैरसमज: चांगल्या वागण्याला काही देणं म्हणजे लाच

लाच दिली जाते ती तमाशा सुरू झाल्यावर, तो थांबावा म्हणून. “रडू नको, कुरकुरे देतो” ही खरी लाच, आणि ती रडण्यालाच बळ देते. प्रबलन येतं ते हवं असलेलं वागणं घडल्यानंतर. क्रम बदलला की सगळंच बदलतं.

विभेदक प्रबलनाचे प्रकार बरेच आहेत. ठरलेला वेळ मारामारीविना गेला की कौतुक, हा एक. हात कामात गुंतले की शाबासकी, म्हणजे त्याच हातांनी शेजाऱ्याला चिमटा काढता येत नाही, हा दुसरा. तासाला तीस वेळा “बाई, बाई” करणाऱ्या मुलीला गप्प करायचं नसतं; प्रश्न पाचवर आले की तिला उत्तर भरभरून द्यायचं, हा आणखी एक. सगळ्यांत मोलाचा प्रकार मला वाटतो तो मागायला शिकवण्याचा. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये चार मुलांवर हा अभ्यास केला. काम अवघड झालं की बिघडणाऱ्यांना “मला समजत नाही” म्हणायला शिकवलं, आणि लगेच मदत दिली. लक्ष हवं असणाऱ्यांना “मी बरोबर करतोय का?” विचारायला शिकवलं, आणि लगेच शाबासकी दिली. त्रास झपाट्याने उतरला. पण वाक्यांची अदलाबदल केली, लक्ष हवं असणाऱ्याला मदत मागायला शिकवलं, तेव्हा काहीही फरक पडला नाही. बोलता न येणाऱ्या मुलाला हेच चित्राच्या कार्डाने किंवा हाताच्या खुणेने शिकवता येतं.

गैरसमज: एक थोबाडीत, आणि विषय संपला

तेवढ्या वेळेपुरता संपतो. लक्षासाठी आसुसलेल्या मुलाला मारही लक्षच वाटतो, आणि मागायचं कसं हे मारातून कळत नाही. शाळेत तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे.

गैरसमज: नको ते सगळं वागणं याने घालवता येतं

आधी विचारावं, नको कुणाला? स्वमग्न मूल आनंदात हात फडफडवतं, त्यात कुणाला इजा नाही. लग्नात चार पाहुणे बघतात म्हणून ते बंद करायला हा उपचार नाही. स्वमग्न प्रौढांनी अशा सक्तीवर केलेली टीका मला रास्त वाटते. आणि जे मूल बोलत नाही ते अचानक कानावर मारून घेऊ लागलं तर आधी कान, दात, पोट तपासायचं. दुखण्याचं विलोपन होत नाही. भिंतीवर डोकं आपटणं, चावणं, न खायच्या वस्तू गिळणं, यांवर घरच्या घरी प्रयोग करू नयेत.

त्यासाठीची सरकारी वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतं, आणि विकासात मागे पडलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरच्या प्रारंभिक हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. पथक येईल तेव्हा हातात एक वही असू द्यावी. तीन रकाने पुरेत: आधी काय झालं, मुलाने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं किंवा काय टळलं. लिहिता न येणाऱ्या आजीने प्रत्येक आकांताला कॅलेंडरवर एक रेघ ओढली तरी चालेल. दोन-तीन आठवड्यांत रेघा कमी झाल्या नाहीत तर पोराला हट्टी ठरवण्याआधी तिसरा रकाना पुन्हा वाचावा. बहुधा कारणाचा अंदाज तिथेच चुकलेला असतो.