गाडीची उंची बदलताना कोन सांभाळा

अमेरिकेत ‘ट्रक’ म्हटले की डोळ्यांपुढे येते ती मागे उघडा हौदा असलेली पिकअप. फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो ही त्यातली परिचित नावे. अशी नवी गाडी सपाट जागी उभी करून बाजूने पाहिली, तर बहुधा तिचे नाक किंचित खाली झुकलेले दिसते. हा दोष नव्हे. हौद्यात माल भरला किंवा मागे ट्रेलर जोडला की मागचे पाटे दबतात आणि गाडी सपाट होते, त्यासाठी केलेली ही तजवीज आहे. रिकामी गाडी चालवणाऱ्या हौशी मालकांना मात्र ते झुकलेले नाक खटकते. मग कोणी पुढची बाजू दीड-दोन इंच उचलून गाडी समपातळीत आणतो, तर कोणी सगळी गाडीच जमिनीलगत उतरवतो. या दोन्ही हौसांसाठी तेथे सुट्या भागांची मोठी बाजारपेठ आहे.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे पाटे, अशा घडणीच्या पिकअप आपल्याकडेही आल्या. इसुझू व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आणि टोयोटा हायलक्स २०२२ मध्ये भारतात दाखल झाली. त्यामुळे हे भाग कसे निवडावेत, हा प्रश्न आता केवळ अमेरिकेपुरता उरलेला नाही.

उंचीबरोबर काय बदलते?

पुढचे चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मच्या टोकांवर, बॉल जॉइंटच्या आधाराने उभे असते. स्टिअरिंगचा टाय रॉड त्याला वळवतो आणि फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत ॲक्सल त्याला फिरवतो. हे सारे भाग विशिष्ट कोनात काम करतील, असे गृहीत धरून कारखान्यात आखणी झालेली असते. उंची बदलली की प्रत्येकाचा कोन बदलतो. म्हणून ‘गाडी किती इंच उठेल’ यापेक्षा ‘कोन किती बिघडतील आणि ते कशाने सावरतील’ हा प्रश्न दुकानदाराला आधी विचारावा.

उचलायची असेल तर

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे स्पेसर. शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग यांच्या जोडणीच्या माथ्यावर ही जाड चकती बसते. शॉक खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर टेकत असल्याने एक इंचाची चकती चाकापाशी जवळपास दोन इंच उंची देते. मूळ स्प्रिंग कायम राहत असल्याने गाडीची चाल फारशी बदलत नाही. परंतु खड्ड्यात चाक लोंबकळते, तेव्हा ते कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्याही खाली जाते. वरचा बॉल जॉइंट टोकाच्या कोनापर्यंत ताणला जातो आणि काही गाड्यांत वरचा आर्म स्प्रिंगला घासतो. बॉल जॉइंट निखळला, तर चाक कलंडते आणि गाडीवर ताबा राहत नाही. एकावर एक दोन स्पेसर चढवणे म्हणूनच धोक्याचे.

दुसरा मार्ग उंची कमी-जास्त करता येणाऱ्या शॉकचा. बिलस्टीनच्या ५१०० मालिकेत शॉकच्या अंगावर खाचा असतात. स्प्रिंगची बैठक वरच्या खाचेत बसवली की गाडी उठते. यात चाक मर्यादेबाहेर लोंबत नाही. मात्र खाली जाण्यासाठी उरलेली जागा कमी होते आणि बैठक फार वर नेली, तर गाडी खड्ड्यात दणके देऊ लागते. १९९९ ते २००६ च्या फोर-व्हील ड्राइव्ह सिल्व्हराडो १५०० मध्ये पुढे टॉर्शन बार असत. त्यांचा बोल्ट पिळून फुकटात उंची मिळवणाऱ्यांनाही हाच अनुभव येई.

गाडी उचलल्यावर बहुतेक पिकअपमध्ये कॅस्टर कमी होतो, म्हणजे सरळ रस्त्यावर स्टिअरिंग भरकटू लागते. दोन इंचांच्या आसपास उंची वाढवणाऱ्याने म्हणूनच वरच्या आर्मचाही विचार करावा. बाजारातील चांगले आर्म बॉल जॉइंटचा कोन सुधारतात आणि कॅस्टर परत मिळवून देतात. शहरात रोज चालणाऱ्या गाडीला सीलबंद बॉल जॉइंट आणि रबरी बुश बरे. उघडे गोलाकार धातूचे जॉइंट वाळवंटातील शर्यतींना शोभतात. धूळ आणि पाणी लागले की ते वाजू लागतात व देखभाल मागतात.

उतरवायची असेल तर

आखूड स्प्रिंग बसवली की गाडी सहज खाली येते. पण चाकाला वर जायला जागा उरत नाही, बम्प स्टॉपर वारंवार आदळतो आणि चाके आत झुकून टायर आतल्या कडेला झिजतात. टू-व्हील ड्राइव्ह पिकअपसाठी ‘ड्रॉप स्पिंडल’ हा अधिक शास्त्रशुद्ध पर्याय आहे. त्यात चाकाचा आस नकलवर थोडा वर सरकवलेला असतो. गाडी साधारण दोन इंच खाली येते, तरी आर्मचे कोन आणि स्प्रिंगची हालचाल जवळपास पूर्वीसारखीच राहते. आपली रिम आणि ब्रेक त्याला जुळतात का, हे आधी मोजून घ्यावे.

बसवल्यानंतर

रबरी बुशचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर असतानाच पक्के आवळावेत. गाडी लिफ्टवर लोंबत असताना आवळले, तर बुश कायम पिळलेले राहतात व लवकर फाटतात. व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी करावी. हेडलाइटचा झोतही खाली आणावा, अन्यथा समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतील. गाडीला रडार वा कॅमेऱ्यावर चालणारी ब्रेकयंत्रणा असेल, तर तिचे कॅलिब्रेशन तपासावे. नवे भाग घातल्याने गाडीची भारक्षमता वाढत नाही. उलट समपातळीत आणलेली पिकअप माल भरल्यावर मागे बसते.

भारतात कायद्याचाही विचार हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ उत्पादकाने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. भाग विकत घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणा केलेली बरी.

खर्चाची बेरीजही आधीच करावी. स्पेसरची किंमत पाहून खरेदी करणाऱ्याला पुढे आर्म, अलाइनमेंट आणि झिजलेले टायर यांचेही पैसे मोजावे लागतात. तो सारा खर्च परवडत नसेल, तर गाडीचे नाक आहे तसेच झुकलेले राहू द्यावे. हौद्यात माल पडला की ती आपसूकच सरळ उभी राहील.