सहा वसाहतींचा एक ऑस्ट्रेलिया का झाला?

१९०१ पूर्वी ऑस्ट्रेलिया नावाचा देशच नव्हता. होत्या त्या सहा ब्रिटिश वसाहती. प्रत्येकीची संसद वेगळी, जकातही वेगळी. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियामध्ये मरे नदी. ती ओलांडून माल न्यायचा तर कर भरा. सिडनीहून मेलबर्नला निघालेल्या प्रवाशाला सीमेवरच्या ऑल्बरीत गाडी बदलावी लागे, कारण दोन्हीकडच्या रुळांची रुंदी वेगळी होती. व्यापारी या सगळ्याला वैतागले होते.

त्यातच १८८४ मध्ये जर्मनीनं शेजारच्या न्यू गिनीचा ईशान्य भाग घेतला. सहा तुटपुंज्या फौजा इतका मोठा किनारा कसा राखणार?

आणखी एक कारण होतं, फारसं अभिमानानं न सांगितलं जाणारं. आशियाई स्थलांतरितांना सगळीकडे एकाच कायद्यानं रोखायचं होतं. नव्या संसदेनं पहिल्याच वर्षी तो कायदा केला. भारतीयांनाही त्याचा फटका बसला.

तरी एकी सहज झाली नाही. १८९८ च्या सार्वमतात न्यू साउथ वेल्समध्ये बहुमत मिळालं, पण आवश्यक ८० हजार मतं पडली नाहीत. मग तडजोड झाली: राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये, पण सिडनीपासून किमान १०० मैल दूर. त्यातूनच पुढे कॅनबेरा उभं राहिलं.

सिडनी ते मेलबर्न थेट रेल्वेगाडीसाठी मात्र १९६२ उजाडावं लागलं.