स्मृतिभ्रंशातील वांशिक विषमता व संशोधक-प्रशिक्षण

मेंदूतील विकृतीमुळे स्मृती, भाषा, विचार व दैनंदिन व्यवहार यांची क्षमता क्रमाक्रमाने क्षीण होत जाण्याच्या अवस्थेस स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया असे म्हणतात. आल्त्सहायमर रोग हे तिचे सर्वांत मोठे कारण असून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार हे दुसरे प्रमुख कारण होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या विकाराचे प्रमाण सर्व समाजगटांत सारखे नाही. वृद्ध कृष्णवर्णीयांत ते श्वेतवर्णीयांच्या सु. दुप्पट, तर हिस्पॅनिकांत सु. दीडपट असल्याचे मानले जाते. या तफावतीची कारणे शोधणे आणि त्यासाठी निरनिराळ्या समाजांतून संशोधक घडविणे, हे दोन प्रश्न परस्परांशी निगडित आहेत.

पूर्वेतिहास : या विषयाच्या आरंभकाळातच एका कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाचा मोलाचा वाटा आहे. सॉलोमन कार्टर फुलर (१८७२–१९५३) यांचा जन्म लायबीरियात झाला. बॉस्टन विद्यापीठातून १८९७ मध्ये वैद्यकाची पदवी मिळविल्यावर त्यांनी म्यूनिक येथे आलोइस आल्त्सहायमर यांच्या हाताखाली काम केले. आल्त्सहायमर यांनी १९०६ मध्ये वर्णिलेल्या रोगाच्या तोवर ज्ञात असलेल्या रुग्णांचा विस्तृत आढावा फुलर यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. तथापि श्वेतवर्णीय कनिष्ठ सहकाऱ्यास बढती देण्यात आल्यावर १९३३ मध्ये त्यांनी विद्यापीठातील अध्यापन सोडले. त्यानंतर दीर्घकाळ या क्षेत्रातील संशोधक व अभ्यासिले जाणारे रुग्ण हे दोन्ही प्रामुख्याने श्वेतवर्णीयच राहिले.

कारणमीमांसा : उत्तर कॅलिफोर्नियातील एका आरोग्यसेवा योजनेच्या २,७४,००० हून अधिक वृद्ध सभासदांची २००० ते २०१३ या काळातील पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत दर १,००० व्यक्तिवर्षांमागे नव्या रुग्णांचे प्रमाण कृष्णवर्णीयांत २६·६, श्वेतवर्णीयांत १९·३ व आशियाई वंशीयांत १५·२ आढळले. केवळ आनुवंशिकतेने या फरकाचा उलगडा होत नाही. नायजेरियातील इबादान येथील योरुबा वृद्ध आणि इंडियानापोलिस येथील कृष्णवर्णीय वृद्ध यांच्या तुलनेत (२००१) वार्षिक प्रादुर्भाव अनुक्रमे १·३५ व ३·२४ टक्के भरला. दूरचे पूर्वज समान भूभागातील असूनही पडलेले हे अंतर राहणीमान व परिस्थिती यांकडे लक्ष वेधते. उच्च रक्तदाब, मधुमेह, वैद्यकीय सेवेची दुर्लभता व पृथक्‌ वस्त्यांतील जीवन हे घटक यात विचारात घेतले जातात. आनुवंशिक घटकांचा परिणामही सर्वत्र सारखा नसतो; उदा., एपीओई जनुकाच्या ई-४ या प्रकाराचा आल्त्सहायमर रोगाशी असलेला संबंध कृष्णवर्णीयांत तुलनेने दुर्बल आढळतो.

मापनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. स्मृतिचाचण्यांचे गुण शिक्षणावर अवलंबून असतात. परंतु शिक्षणाची केवळ वर्षे मोजणे पुरेसे नाही. दक्षिणेकडील राज्यांत कायद्याने वेगळ्या ठेवलेल्या शाळांतून शिकलेल्यांना कमी काळाचे शालेय वर्ष व अपुरी साधने मिळाली. न्यूयॉर्कमधील जेनिफर मॅन्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षणाच्या वर्षांऐवजी वाचनक्षमता हा निकष लावला, तेव्हा वांशिक गटांच्या चाचणीगुणांतील अंतर बरेच घटले. म्हणजे निरोगी व्यक्तीस रोगी ठरविण्याचा धोका चाचणीतच दडलेला असू शकतो.

प्रशिक्षण : टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात उपदंशग्रस्त कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांपासून वंचित ठेवून त्यांचे निरीक्षण केले गेले. त्यातून उत्पन्न झालेल्या अविश्वासामुळे संशोधनात सहभागी होण्यास अनेक कुटुंबे कचरतात. मृत्यूनंतर मेंदू दान करण्यासारख्या विषयावर बोलणी करण्यास तर दीर्घ परिचय लागतो. चिकित्साविषयक संशोधनात अल्पसंख्याकांचा समावेश करण्याचे बंधन १९९३ च्या कायद्याने घातले. परंतु संशोधकांच्या जडणघडणीसाठी स्वतंत्र तरतूद आवश्यक होती. त्या दृष्टीने राष्ट्रीय वार्धक्य संस्थेने १९९७ मध्ये अल्पसंख्याकांच्या वार्धक्यविषयक संशोधनाची साधनकेंद्रे सुरू केली. तेथे नवोदित संशोधकास लहान अनुदान, ज्येष्ठ मार्गदर्शक, संख्याशास्त्रीय साहाय्य व स्थानिक समाजाशी संपर्क यांचा लाभ होतो. आल्त्सहायमर रोगावर भर देणारी केंद्रे २०१८ मध्ये सुरू झाली.

मूल्यमापन : संशोधक कोणत्या समाजातला आहे, यावरून त्याच्या निष्कर्षाची सत्यता ठरत नाही, परंतु कोणता प्रश्न विचारला जावा, चाचणी कोणत्या भाषेत असावी व रुग्णाचे नातलग कोणावर विश्वास ठेवतील, यांवर त्याचा परिणाम होतो. केवळ प्रशिक्षणाने अडथळे दूर होत नाहीत. राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या प्रमुख संशोधन-अनुदानासाठी कृष्णवर्णीय अर्जदारांची निवड होण्याची शक्यता, शिक्षण व प्रकाशने विचारात घेऊनही, श्वेतवर्णीयांहून सु. १० टक्के-अंशांनी कमी असल्याचे २०११ मध्ये दिसून आले. समाजपातळीवरील आरोग्यविषयांना अनुदान कमी मिळते व कृष्णवर्णीय अर्जदार असे विषय अधिक निवडतात, हे त्याचे एक कारण २०१९ मध्ये पुढे आले. २०२५ मध्ये संघशासनाचे धोरण बदलल्याने विविधतेशी निगडित अनेक अनुदाने व प्रशिक्षणयोजना बंद करण्यात आल्या आणि काही निर्णय न्यायालयांत गेले. वार्धक्याचा अभ्यास दशकानुदशके चालणारा असल्याने मध्येच खंडित झालेले प्रशिक्षण पुढे भरून काढणे कठीण असते.